पाण्याच्या वाटेने लावलेली सात चित्रं

पेठ तालुक्याच्या डोंगरात सादडी नावाची एक छोटी नदी आहे आणि तिच्यावर एक छोटं धरण. धरणाला दरवाजे नाहीत. भरलं की पाणी आपलं आपण सांडव्यावरून पडतं आणि खालच्या सात गावांच्या कडेकडेने धावत सुटतं. मंगळू भोये या धरणावर अठ्ठावीस वर्षं चौकीदार आहे. मोजपट्टीवरची पातळी बघायची, नोंदवहीत लिहायची आणि पाणी सांडव्यावर अर्धा मीटर चढलं की खालच्या गावांना सावध करायचं, एवढंच काम. पण हे एवढंच काम मंगळूच्या उरावर बसलेलं असायचं.

मुळात तो काळजी करणारा माणूस. घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायचा, कुलूप ओढून बघायचा, पुन्हा निघायचा, बांधापाशी थांबून मागे वळून बघायचा. त्याची बायको मंगलाबाई लग्नानंतर पहिली काही वर्षं हसली, मग चिडली, मग तिने नादच सोडला. ती आपली डोक्यावर पाटी घेऊन पुढे चालत राहायची. हा मागून येतोच, हे तिला ठाऊक झालं होतं.

त्या काळजीला एक कारणही होतं. पाच वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात मोठा पूर आला होता. तेव्हा सगळं फोनवरच चालायचं. मंगळूने एकेका गावाला फोन लावले. बोरपाड्याला लावला, तिकडून कुणीतरी "बरं, बरं" म्हणालं आणि त्याने मनात त्या गावावर काट मारली. पण बोरपाडे दोन आहेत, एक वरचा आणि एक खालचा. निरोप पोहोचला वरच्याला. खालच्या बोरपाड्यात नदीकाठी बांधलेली एका घरची बैलजोडी गेली. माणूस गेलं नाही. चौकशीत मंगळूवर ठपकाही आला नाही, कारण फोन केल्याची नोंद वहीत होती आणि वहीत नुसतं "बोरपाडा" असंच लिहिलेलं होतं. पण ज्याची बैलजोडी गेली त्या माणसाने बाजारात एकदा मंगळूकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तेव्हापासून 'मी सांगितलं का नाय सांगितलं' हा प्रश्न मंगळूच्या डोक्यात कायमचा घर करून बसला.

दोन वर्षांपूर्वी खात्याने सातही गावांत खांब रोवून त्यांवर भोंगे बसवले आणि चौकीत कॉम्प्युटर आणला. एकेका गावाचं पान उघडायचं, त्यातलं लाल बटण दाबायचं, की तीन-चार मिनिटांत त्या गावचा भोंगा वाजतो आणि गावातल्या फोनांवर निरोप जातो. एका वेळी एकच गाव, कारण भोंगे फोनच्या रेंजवर नाही तर खात्याच्या वायरलेसवर चालतात आणि डोंगरात तो जेमतेम पोहोचतो. मंगळूला हे सगळं ऐकून बरं वाटलं. पण कॉम्प्युटर त्याने चालवायचा नव्हता. त्यासाठी तृप्ती नावाची मुलगी कंत्राटावर आली होती, नाशिकची, पंचवटीतली. तिने पेठमध्ये खोली घेतली होती आणि सकाळच्या एसटीने ती वर यायची. मंगळू तिला ताई म्हणायचा, ती त्याला काका. ती आली की तो कॉम्प्युटरवरचं कापड काढून घडी घालून ठेवायचा आणि संध्याकाळी ती गेली की परत घालायचा. त्यापलीकडे त्याने त्या यंत्राला हात लावला नव्हता.

मग यंदाच्या जुलैत तृप्तीचं कंत्राट संपत आलं. शाखा अभियंता गांगुर्डे साहेबांनी सांगितलं की नवा माणूस कधी मिळेल ते सांगता येत नाही, तोवर भोये बघतील. साहेब हे बोलून जीपमध्ये बसून निघूनही गेले. मंगळू सातवी शिकलेला. मराठी वाचायचा, पण बोट ठेवून. इंग्रजी अक्षरांतली त्याला फक्त गाडीच्या नंबरातली एम आणि एच ओळखू यायची. त्या रात्री तो जेवला नाही. मंगलाबाईने विचारलं तेव्हा पोट जड आहे म्हणाला.

तृप्तीचे दहा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी तिने त्याला खुर्चीत बसवलं.

कॉम्प्युटरचा पडदा तेव्हा बाजारच्या दिवसासारखा भरलेला होता. जुने अहवाल, कुणी कुणी काढलेले फोटो, एकाच फाईलच्या तीन तीन प्रती आणि त्या गर्दीत कुठेतरी सात गावांची सात चिन्हं, सगळी एकसारखी निळी. त्यांच्याखाली इंग्रजीत नंबर. ते नंबरही खांब बसवणाऱ्यांनी आपल्या सोयीने दिलेले. त्यांची गाडी डांबरी रस्त्याने आली, म्हणून रस्त्याकडचं घोटणपाडा त्यांनी एक नंबरला धरलं. नदीच्या हिशेबाने ते सगळ्यात शेवटचं. धरणाच्या पायथ्याचं उंबरदहाड सहाव्या नंबरवर होतं.

तृप्तीने आधी त्याला चिन्हाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाखवला. असा बाण असला तर तो शॉर्टकट, म्हणजे नुसती वाट, हे तिने दोनदा समजावून सांगितलं. वस्तू आत दुसरीकडेच आहे, हे चिन्ह फक्त तिथे नेऊन सोडतं. मंगळू ऐकत होता. मग त्याने विचारलं, "ही वाट पुसली तर गाव जाईल का?"

"नाही काका. वाट जाईल. गाव आपल्या जागेवरच."

"आणि बाण नसला तर?"

"तर मात्र ती खरी वस्तू. तिला हात लावताना विचार करायचा."

हे त्याला पटलं. तरी माऊस धरताना त्याचा हात इतका घट्ट व्हायचा की तृप्तीला त्याची बोटं सैल करावी लागायची. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून एक चिन्ह खरंच पुसलं गेलं. तो खुर्चीतून उठून बाहेर सांडव्याच्या भिंतीवर जाऊन बसला. आपण सरकारचं गाव पुसलं, असं त्याला वाटत होतं. तृप्तीने त्याला परत आणलं, पडद्यावरची कचऱ्याची टोपली उघडली, त्यातलं चिन्ह उचलून पुन्हा जागेवर आणून दाखवलं आणि मग त्यालाच सांगितलं, आता तुम्ही पुसा आणि तुम्हीच आणा. त्याने सहा वेळा पुसलं आणि सहा वेळा आणलं.

मग दोघांनी पडदा साफ केला. जुने अहवाल एका फोल्डरात गेले, फोटो दुसऱ्यात, जास्तीच्या प्रती टोपलीत. उरली सात गावं. माऊसचं उजवं बटण दाबलं की एक यादी उघडते, त्यातल्या पहिल्या ओळीवर गेलं की बाजूला दुसरी यादी, आणि तिथे वरचीच ओळ दाबली की चिन्हं मोठी होतात, हे मंगळूने ओळींच्या जागांवरून पाठ केलं. चिन्हं मोठी झाली तेव्हा त्याने पहिल्यांदा चष्मा कपाळावर सरकवला.

नंतर तृप्तीने त्यांची चित्रं बदलली. कॉम्प्युटरमध्ये तयार चित्रांचा एक साठा असतो, त्यातून मंगळूने एकेक निवडायचं. उंबरदहाडला त्याने झाड दिलं. वरच्या बोरपाड्याला घर आणि खालच्या बोरपाड्याला किल्ली, दोन्हींत काडीचंही साम्य नको म्हणून. कोहोरमाळला चांदणी, खडकीच्या पाड्याला कुलूप, देवळदोंडला पृथ्वीचा गोल. घोटणपाड्याला फोन, कारण तिथे पहिल्यांदा टॉवर झाला होता. यात त्याची अख्खी दुपार गेली. एका चित्रावर तो दहा-दहा मिनिटं विचार करायचा.

शेवटी क्रमाचा प्रश्न आला. तृप्ती म्हणाली, कसे लावायचे?

"पाणी जसं जातं तसं," मंगळू म्हणाला.

वरच्या डाव्या कोपऱ्यात झाड. त्याखाली घर. मग नदी जिथे वळते तिथे किल्ली थोडी उजवीकडे, चांदणी आणखी पुढे, मग खाली कुलूप, गोल आणि अगदी तळाला फोन. त्याने प्रत्येक चित्र स्वतः ओढून ठेवलं. पण हात सोडला की चित्र टुणकन उडी मारून परत रांगेत जायचं. तृप्तीने मग त्या दुसऱ्या यादीतली वरून चौथी ओळ दाखवली. तिच्यापुढे बरोबरची खूण असली की कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने रांग लावतो. खूण काढली की माणसाच्या मनाप्रमाणे राहतो. खूण काढल्यावर चित्रं जिथल्या तिथे थांबली. पडद्यावर वाकडीतिकडी नदी तयार झाली. तृप्तीला ती थोडी विस्कटलेली वाटली.

एकतीस जुलैला ती गेली. जाताना आपला नंबर तिने भिंतीवर पेन्सिलने मोठ्या आकड्यांत लिहून दिला.

ऑगस्टात पाणी सांडव्यावर आलं, पण अर्ध्या मीटरपर्यंत चढलं नाही. मंगळू रोज सकाळी कॉम्प्युटर लावायचा, नदीवरून नजर फिरवायचा, उंबरदहाडपासून घोटणपाड्यापर्यंत नावं पुटपुटायचा, पुन्हा उलट फोनपासून झाडापर्यंत यायचा आणि मगच चहा ठेवायचा. महिन्यातून एकदा भोंग्याची चाचणी असते. ती त्याने एकट्याने केली. सातही वाजले. त्या दिवशी त्याने मंगलाबाईला पेठहून भजी आणून दिली. भजी कशाबद्दल ते मात्र सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस परतून आला. पहिला दिवस बारीक होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टीवर वीस सेंटिमीटर पाणी सांडव्यावर होतं आणि आभाळ डोंगराला टेकलं होतं. गांगुर्डे साहेबांचा फोन आला, लक्ष ठेवा म्हणाले.

दहाच्या सुमारास नवनाथ आला. हा नाशिकच्या एका दुकानाचा माणूस. वीज गेल्यावर कॉम्प्युटर आणि वायरलेस चालू ठेवणारी बॅटरी खराब झाली होती आणि ती बदलायचं काम महिनाभर अडलेलं होतं. नेमका त्या दिवशी तो भिजत, मोटारसायकलवर बॅटरी बांधून वर आला. चांगला माणूस. मंगळूने त्याला चहा दिला, त्याने कामाला सुरुवात केली आणि मंगळू मोजपट्टी बघायला बाहेर गेला. आता दर अर्ध्या तासाने बघायचं होतं. अठ्ठावीस झाले होते. पुढच्या वेळी गेला तेव्हा पस्तीस.

तो बाहेर असतानाच नवनाथने दारातून हाक मारून सांगितलं की काम झालं, ओढ्याचं पाणी पुलावर यायच्या आत निघतो. मंगळूने हात हलवला. पावसात त्याला पुढचं ऐकू आलं नाही. नवनाथ सांगत होता की काका, तुमचा पडदा पण जरा नीट लावून दिलाय.

नवनाथने वाईट काही केलं नव्हतं. बॅटरी बसवून कॉम्प्युटर लावला, समोर सात चिन्हं वेडीवाकडी पसरलेली दिसली. ज्याला यंत्रं साफसूफ ठेवायची सवय असते त्याला हे बघवत नाही. त्याने नावांप्रमाणे रांग लावली आणि पुन्हा विस्कटू नये म्हणून त्या चौथ्या ओळीपुढे बरोबरची खूणही केली. सगळं मिळून पाच-सात सेकंदांचं काम.

साडेबाराला मोजपट्टीवर पन्नास झाले.

मंगळू भिंतीवरून चौकीकडे धावला. धावताना एकदा घसरला, गुडघा टेकला, उठला. अंगावरचं पाणी गळत होतं, चष्म्यावर थेंब होते, ते पुसायला कोरडं काही हाताशी नव्हतं. खुर्चीत बसताच त्याचा हात माऊसवर गेला आणि सवयीने वरच्या डाव्या कोपऱ्यात पोहोचला. रोज सकाळी पहिली नजर जिथे जायची तीच जागा. त्याने दोनदा टिचकी मारली, पान उघडलं, लाल बटण दाबलं. मग तो घड्याळाकडे बघत थांबला. धरणापासून उंबरदहाडला पाणी पोहोचायला वीस मिनिटं लागतात. चार मिनिटं भोंग्याची गेली तरी सोळा राहतात. सोळा मिनिटांत माणसं वर चढतात.

चार मिनिटांनी पडद्यावर खाली मराठीत ओळ आली. त्याने बोट ठेवून वाचली. भोंगा वाजला, घोटणपाडा.

त्याने पुन्हा वाचली. मग चष्मा काढून सदऱ्याच्या आतल्या कडेने पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. पान बंद केलं. मागे नदी नव्हती. डाव्या कडेला सात चित्रं एकाखाली एक, शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी होती. सगळ्यात वर फोन होता.

मंगळूच्या कानात घूं घूं आवाज भरला. तो आवाज सांडव्याचा की डोक्यातला, ते त्याला कळेना. चार मिनिटं गेली होती. पाणी निघालं होतं. ज्या गावाला अडीच तासांनी पाणी पोहोचणार ते गाव पळत सुटलं होतं, आणि ज्याच्या दारात ते आता येणार होतं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने भिंतीवरचा तृप्तीचा नंबर लावला. रेंज नव्हती. साहेबांचा लावला. नव्हती. त्याच क्षणी वीज गेली. चौकीतला दिवा विझला. पडदा मात्र तसाच चालू राहिला. नवी बॅटरी होती.

आपल्याला कुणी विचारायला नाही, हे कळलं तेव्हा त्याने एक गोष्ट केली. माऊसवरून हात काढला आणि तो मांडीखाली दाबून ठेवला. त्या हातावर त्याचा भरवसा राहिला नव्हता. मग मान पुढे घालून नुसत्या डोळ्यांनी रांगेत झाड शोधलं. सहावं. झाड म्हणजे उंबरदहाड, हे त्याने मोठ्याने म्हटलं. दोनदा म्हटलं. हात काढला, झाड उघडलं आणि लाल बटण दाबण्याआधी पानावरचं नाव बोट ठेवून वाचलं. उं-ब-र-द-हा-ड. दाबलं.

आता पुन्हा चार मिनिटं. ती नुसती बसून घालवली तर पुढच्या गावाला पुन्हा रांगेत शोधाशोध, आणि घाईत घराऐवजी किल्ली दाबली जायची भीती. त्या भीतीनेच त्याला हलवलं. भोंगा जोडला जात असताना त्याने पान खाली केलं आणि घराचं चित्र धरून वरच्या कोपऱ्यात ओढलं. सोडलं. ते उडी मारून परत रांगेत गेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा गेलं. कॉम्प्युटर जणू त्याला हट्टाने सांगत होता की तुझी नदी चुकीची आहे. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आठवली ती यादी. उजवं बटण, पहिली ओळ, बाजूची यादी. एक, दोन, तीन, चार. चौथीपुढे खूण होती. त्याने ती काढली.

घर ओढलं. राहिलं.

उंबरदहाडची ओळ आली, भोंगा वाजला. आणि या खेपेला तो त्याने ऐकलाही. लांबून, पावसाच्या पडद्याआडून, बारीक. त्याने लगेच वरच्या बोरपाड्याचं घर उघडलं, नाव वाचलं, दाबलं, आणि ते जोडलं जाईपर्यंत किल्ली जागेवर नेली. मग किल्ली उघडली आणि चांदणी नेली. असं एक गाव जागं करत आणि दुसऱ्या गावाला त्याच्या जागी ठेवत तो खाली उतरत गेला. कोहोरमाळचा भोंगा पहिल्यांदा जोडला गेला नाही, लाल अक्षरं आली. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा वाजला. या एका गावावर दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं त्याला पुढे कित्येक दिवस स्वप्नात दिसत राहिली. खडकीचा पाडा झाला, देवळदोंड झालं. घोटणपाड्याला पुन्हा वाजवावं का, यावर तो अडला. लोक एकदा वर गेले असतील, पाणी आलं नाही म्हणून परत खाली आले असतील. त्याने वाजवला.

मग तो उठला, मोजपट्टी बघून आला, पासष्ट लिहिले आणि प्रत्येक गावासमोर वेळ लिहिली. घोटणपाड्यासमोर दोन वेळा लिहिल्या. पहिल्या वेळेपुढे थोडी जागा सोडली.

संध्याकाळी पाचनंतर रेंज आली आणि फोन येऊ लागले. उंबरदहाडचे लोक गुरांसह शाळेत पोहोचले होते. दोन झोपड्यांत पाणी शिरलं, माणसं आधीच बाहेर होती. दोन्ही बोरपाडे सुखरूप. कोहोरमाळची भातखाचरं गेली, पण जित्राब वाचलं. मंगळू एकेक फोन ऐकायचा आणि ठेवल्यावर पुन्हा त्याच माणसाला लावून विचारायचा की नक्की ना. घोटणपाड्याचा फोन सगळ्यात शेवटी आला. पाणी तिथे तीन वाजता पोहोचलं, नुकसान नाही. फक्त पहिला भोंगा झाला तेव्हा विमलाबाई नावाची एक बाई नदीवरून धुणं टाकून पळाली, दगडावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. तिला पेठच्या दवाखान्यात नेलंय.

मंगळूने फोन ठेवला आणि तो परत लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरल्यावर गांगुर्डे साहेब आले. त्यांनी वही बघितली, शाबास म्हणाले, खांद्यावर हात ठेवला. मंगळूने ती मोकळी जागा दाखवली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. कोपऱ्यातलं चित्र, न वाचता दाबलेलं बटण, वाया गेलेली मिनिटं. साहेबांनी त्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले की वेळेआधी वाजला, बिघडलं काय, ते लिहायची गरज नाही. आणि दोष कुणाचा असेल तर त्या बॅटरीवाल्याचा.

"त्याचा नाय, साहेब," मंगळू म्हणाला. "त्याला नदी कुठून ठावी? मला ठावी होती. मी बघितलं नाय."

त्याने साहेबांसमोरच त्या जागेत लिहिलं, 'चुकून वाजवला.' साहेबांनी हरकत घेतली नाही. जाताना मात्र त्यांनी तृप्तीला फोन लावून मंगळूच्या हाती दिला. ती आता नाशिकला एका कंपनीत लागली होती. तिने फोनवरूनच सगळं ऐकलं आणि सुट्टीच्या दिवशी वर आली. चित्रं जागच्या जागी होतीच. तिने प्रत्येक शॉर्टकटचं इंग्रजी नाव काढून तिथे मराठीत गावाचं नाव घातलं आणि त्याच्याआधी आकडा. एक उंबरदहाड, दोन वरचा बोरपाडा, असं सातपर्यंत. आता कुणी नावांप्रमाणे रांग लावली तरी नदीचाच क्रम येईल. हे आधीच सुचायला हवं होतं, असं ती दोनदा म्हणाली. नवनाथला कुठून तरी कळलं, त्याचाही फोन आला. तो सारखा माफी मागत होता. मंगळूने त्याला सांगितलं की वीज गेल्यावर तुझी बॅटरी नसती तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

पण विमलाबाईचं त्याच्या मनातून जाईना. चार दिवस त्याने काढले. पाचव्या दिवशी रजा टाकून तो घोटणपाड्याला गेला. मंगलाबाई बरोबर येते म्हणाली, त्याने नको म्हटलं, तरी ती आलीच. गावात उतरल्यावर तो विमलाबाईच्या घराच्या थोडं अलीकडे थांबला आणि म्हणाला, "लोकं काय म्हणतील?" मंगलाबाई म्हणाली, "म्हणतील ते ऐकायला तर आलोत."

विमलाबाई ओट्यावर बसली होती. साठीच्या आसपासची, हाताला कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर, दुसऱ्या हाताने सुपातल्या नागलीतले, म्हणजे नाचणीतले, खडे वेचत होती. मंगळूने आपलं नाव सांगितलं, धरणावरचा चौकीदार आहे म्हणाला, आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं की त्या दिवशी पहिला भोंगा चुकून वाजला. तुमच्या गावाला अजून अडीच तास होते. पळायची गरज नव्हती.

विमलाबाईने सूप बाजूला ठेवलं. ती आपला प्लास्टरचा हात उलटसुलट करून बघू लागली. त्या वेळात मंगळूने रजा, नोकरी, चौकशी, सगळं मनात करून पाहिलं.

"म्हणजे हात उगीच मोडला," ती म्हणाली.

"व्हय."

"भात लावणी झाली होती, म्हणून बरं. आता कापणीला सून आणि मी, दोघीच. एका हाताने काय कापणार."

ती रागावली नव्हती, पण तिने 'असू दे' असंही म्हटलं नाही. मंगलाबाई पुढे झाली, ओट्याच्या कडेला टेकली, सूप आपल्याकडे ओढून उरलेले खडे वेचू लागली. बायकांचं बोलणं सुरू झालं, कुठलं माहेर, किती लेकरं. विमलाबाईच्या सुनेने कोरा चहा आणला. मंगळू खाली बसला. चहा पिता पिता त्याने विचारलं की भात कधी कापायला येईल. विमलाबाई म्हणाली, दिवाळीच्या आत.

दिवाळीच्या आधी तीन रविवार ती दोघं घोटणपाड्याला जाऊन कापणी करून आली. साहेबांना त्याने रजेचं कारण सांगितलं नाही.

मंगळूला निवृत्तीला अजून दीड वर्ष आहे. नवा ऑपरेटर आलेला नाही. तो रोज सकाळी कॉम्प्युटर लावतो, आकडे वाचतो, नावं वाचतो, चित्रं बघतो आणि उजव्या बटणाने यादी उघडून चौथ्या ओळीपुढे खूण नाही ना, तेही बघतो. मग कापड घडी घालून ठेवतो. चौकीतून मोजपट्टीकडे निघाल्यावर चार पावलांवर थांबतो, परत आत येतो आणि पुन्हा एकदा बघतो.